शकुनकाकूनं पाणी शेवटच्या वावरात आणलं

धामणगाव रेल्वेकडच्या आमच्या गावात कालवा संपतो. कागदावर! अप्पर वर्धा धरणाचं पाणी आमच्या पाटाच्या टोकापर्यंत मी तरी कधी पाहिलं नव्हतं. पाटात गाळ, बेशरमाची झुडपं आणि पोरांचं क्रिकेट.

शकुनकाकूचं वावर अगदी टोकाला. पावसाळ्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, झेंडू. पुढे विहीर आटली की सारं मोकळं. मागच्या दिवाळीनंतर ती फावडं घेऊन एकटीच पाटात उतरली.

"काहून मरून राहिली उन्हात? इथं पानी आलं का कदी?" तिचे घरधनी किसनरावकाका काठावरून ओरडले.

"वाटच नाई, तं येईन कसं?"

चौथ्या दिवशी शेजारच्या दुर्गाबाई आल्या. आठवडाभरात सतरा जणी झाल्या. बावीस दिवसांत तीन किलोमीटर पाट मोकळा झाला. मग काकूनं पाटाची दारं उघडणाऱ्या गोवर्धनभाऊंना गाठलं, "भाऊ, आता सोडा!"

रब्बीच्या पाण्याच्या पाळीला सकाळी नऊ वाजता दार उघडलं. वाळका पाला ढकलत फेसाळ पाणी निघालं. काकू त्याच्यापुढे पाटातूनच उलटी चालत होती, लेकराला पहिली पावलं टाकायला लावतात तशी. "ये, ये, असंच ये!" काठावर आम्ही सगळे पळत होतो.

दोन किलोमीटरवर पाणी थबकलं. गरगर फिरलं आणि काठाखाली गायब होऊ लागलं. घुशीचं बीळ!

काकूनं डोक्याचा दुपट्टा सोडला, त्यात गवत कोंबलं, बोळा बिळात घातला आणि त्यावर चक्क बसली. डिसेंबरचं गार पाणी कमरेपर्यंत.

"पाहून काय राहिल्या? माती टाका ना!"

घमेली धावली. किसनरावकाका पँट न दुमडताच पोत्यांसह उतरले. अर्ध्या तासानं पाणी फुगलं, वळलं, पुढे निघालं. काकू मात्र उठेना. आपण उठलो की पाणी पुन्हा जाईल, ही तिची भीती.

साडेतीनला पुढे टोकाला गेलेल्या दुर्गाबाईंचा फोन माझ्या मोबाइलवर आला; तो मी काकूच्या कानाला लावला, "शकुन, तुया वावरात आलं वं!"

"खोटं बोलून राहिली तू!"

"आईची आन!"

ओल्या लुगड्यानं काकू किलोमीटरभर पळाली. पंचावन्न वर्षांची बाई, आम्हाला गाठता येईना! वावरातल्या भेगांमध्ये पाणी बुडबुड करत शिरत होतं. तिनं ओंजळ भरून किसनरावकाकांच्या तोंडावर मारली आणि खो-खो हसत सुटली. काकाही हसले, चष्मा पुसायचं विसरून.

त्या हिवाळ्यात तिनं हरभरा आणि झेंडू लावला. फेब्रुवारीत फुलं अमरावतीच्या बाजारात गेली.

त्याच महिन्यात आम्ही गाडी करून धरण पाहायला गेलो. काकूनं ते कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीवरून निळं पाणी दिसताच तिनं माझा दंड घट्ट धरला.

"अवं माय! एवढं पानी हाय इथं?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. काकू जागची हलेना.