प्रधानाची खुर्ची

आमच्या कल्याणच्या कॉलेजात शोकांतिकेचा पेपर म्हणजे मी. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना ते जुनं नाटक वीस-बावीस वर्षं मीच शिकवत आले. म्हातारा प्रधान धाकट्या राजपुत्राविरुद्ध राजाचे कान भरतो, आणि त्यात बिचाऱ्या राजपुत्राचा जीव जातो. प्रधान दुष्ट, विषय संपला. पोरं परीक्षेत तेच लिहायची आणि पास व्हायची.

मग ती नवी मॅडम आली, टिटवाळ्याची. कालची पोर! तिच्या सकाळच्या तासाला वर्ग भरलेला, आणि माझ्या तासाला अर्धी बाकं रिकामी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी हा पेपर तिला द्यावा म्हणतोय. एकदा ते नाटक तिला शिकवू द्या, तुम्ही मागे बसून बघा. तुम्ही सांगाल तसं करू."

त्या दिवशी वर्तकनगरच्या घरून निघाल्यापासून तिच्यात काय काय खोट काढायची तेच मी घोकत होते. शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिने फळ्यासमोर एक खुर्ची ठेवली. खुर्चीत बसेल तो प्रधान. वर्गाने त्याला वाट्टेल ते विचारायचं, त्याने प्रधान म्हणूनच उत्तर द्यायचं. कुणी उठेना. "त्या हरामखोराच्या जागी कोण बसणार, मॅडम?" एक पोरगी म्हणाली. तर ही बया सरळ माझ्याकडे वळली. "मॅडम, प्रधान तुमच्याइतका कुणाला माहितीये? या ना." पोरांनी टाळ्या पिटल्या. झक मारत बसले.

"राजपुत्राने तुमचं काय वाकडं केलेलं?" पहिला प्रश्न आला.

"काही नाही."

"मग?"

"दरबार मी उभा केला. केस पिकले माझे तिथे. आणि हा काल आला, गोड हसला, की निघाले सगळे त्याच्या मागे! माझ्याकडे कुणी वळून बघेना. एवढं पुरत नाही?"

आवाज चढला होता माझा. बाई गं, यातलं एक अक्षर मी कधी वर्गात शिकवलं नव्हतं.

खिडकीजवळच्या मुलाने हळूच विचारलं, "आता राजा विचारेल ना, राजपुत्र कसा आहे म्हणून. काय सांगणार?"

तेवढ्यात घंटा झाली, सुटले.

जिन्यातच प्राचार्य भेटले. "काय मॅडम, कशी शिकवते?"

घोकलेलं सगळं जिभेच्या टोकावर होतं. "झकास शिकवते," मी म्हणाले. "पेपर तिलाच द्या."

"मोठं मन आहे हो तुमचं!"

कसलं डोंबलाचं मोठं मन! आता ती शेजारच्याच वर्गात तो पेपर शिकवते, आणि तिची पोरं हसायला लागली की मी उठून माझ्या वर्गाचं दार लावून घेते.