बोट वाचवण्याची माझी शिस्त

तुमच्या आजोबांच्या उजव्या पायाच्या बोटाला नव्या बुटाने जखम केली. जुना मधुमेह, त्यामुळे दुखलं नाही. मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. सर्जन म्हणाले, "साखर ताब्यात ठेवा, नाहीतर बोट काढावं लागेल."

ताब्यात ठेवणं हा माझा प्रांत. त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर आहाराचा तक्ता लागला. भात बंद. शेंगदाणे बंद. आमटी वरच्या पाण्याची. रात्री काकडी आणि ताक. गुरुवार आणि एकादशी होतीच. साबुदाण्याने साखर वाढते म्हणून त्या दिवशी नुसतं ताक. आजोबा म्हणाले, "अगं, आजारी माझं बोट आहे. बाकीचा मी कशाला उपाशी?" मी लक्ष दिलं नाही.

दोन महिन्यांत साखर इतकी सुरेख उतरली की मी रिपोर्ट शेजारणीला दाखवून आले. ड्रेसिंग नेमाने चालू होतं, तरी जखम जिथल्या तिथे. आजोबांची पँट मात्र पट्ट्यानेही कमरेवर राहीना. सर्जनांनी बोट काढण्याचा विषय पुन्हा काढला, पण त्याआधी आम्हाला हुबळीला, विद्यानगरातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं.

मी तक्ता बरोबर नेला होता. तिने तो शांतपणे वाचला.

"अज्जी, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अक्षर फार छान आहे. फक्त यात जेवण कुठे आहे?"

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. खांदे हलत होते.

नवं मांस तयार व्हायला प्रथिनं लागतात, पोटभर अन्न लागतं. साखर सांभाळायची ती माणसाला जेवू घालून, हे तिने मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. मूत्रपिंडं ठीक आहेत हे रिपोर्टवरून पाहून घेतलं. मग घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, औषधांच्या बेताने थोडा भात. उपवास बंद. आणि चालत असेल तर अंडं.

आमच्या मळमड्डीच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मी वेगळं पातेलं आणून मागच्या अंगणात उकडलं. आजोबांनी ते टिचकीसरशी फोडलं आणि सालीची एक अखंड पट्टी काढली. चाळीस वर्षं कोर्टात वकिली करताना ते दुपारी काय खात होते, हे मी विचारलं नाही.

जखम भरायला पुढे तीन महिने लागले. बोट राहिलं. आलेल्यागेलेल्याला आजोबा गंभीरपणे सांगतात, "हिच्या शिस्तीमुळे वाचलं बघा." मग मी चहाचं आधण ठेवायला उठते.