गिरणीतलं आमंत्रण

सरजाबाई जळकोटजवळच्या एका गावच्या आशाताई. लहान लेकरांचंही आयुष्मान कार्ड निघतं आणि मोठ्या आजारात फुकट उपचार मिळतात, हे सांगायला त्यांनी तीनदा सभा बोलावली. एकाही लेकराचे आईबाप फिरकले नाहीत.

मग त्या पिठाच्या गिरणीत गेल्या. दळण होईपर्यंत तिथून कुणी हलत नाही. गिरणीच्या घरघरीत त्या ओरडल्या, "उद्या दहाला शाळेत या! लेकराचं कार्ड हाय!"

बायांना ऐकू आलं, 'लेकीचं कार्ड'. सरजाबाईंची लेक समीक्षा लग्नाच्या वयाची, त्यामुळं हे लग्नाचंच आमंत्रण, यात कुणाला शंकाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव ठेवणीतले कपडे घालून, लेकरांना नटवून शाळेत हजर. शेजारच्या उमाबाईंनी तर आहेराची साडीच आणली. "नवरदेव कुठला हाय गं?"

सरजाबाईंना उलगडा झाला. हसू दाबत त्या दारात उभ्या राहिल्या. "नवरदेव न्हाई, दवाखान्याचं कार्ड हाय! पळा, रेशनकार्ड अन् आधार आणा. तवर लेकरं माझ्यापाशी राहतील!"

संध्याकाळपर्यंत अडतीस लेकरांची नोंदणी झाली, फोटोही लई देखणे आले. समीक्षा मात्र आठवडाभर आईशी बोलली नाही, कारण तिचं लग्न ठरलेलं नाही हे कळताच तिला दोन स्थळं येऊन गेली होती.