लाळ गिळण्यापुरतं

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला तेव्हा मी चाळिशीत होतो. मालवणच्या बाजारात माझं शिंप्याचं दुकान होतं. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी ती नळीच काढून टाकली. वर उरलेलं टोक मानेच्या डाव्या बाजूला बाहेर आणून सोडलं आणि पोटाला भोक पाडून त्यात रबरी नळी बसवली. जीव वाचला. त्या काळी तेवढंही फार जणांच्या वाट्याला येत नसे, हे मला लोकांनी इतकं ऐकवलं की पुढेपुढे मी नुसती मान हलवायचो.

घरी बायको नळीला काचेचं नरसाळं लावून मला पेज घालायची. नाचणीची पेज, दूध, कधी डाळीचं निवळ पाणी, सगळं फडक्यातून गाळलेलं. दाट राहिलं तर नळी तुंबे, मग ती कोमट पाणी ओतत, नळी बोटांनी चोळत बसे. पोट भरे, पण तोंडाला त्याचा पत्ताच नसे. तोंडातून जे आत जाई ते मानेच्या भोकातून बाहेर येई. चहाचा घोट घेतला तर चहा. काही घेतलं नाही तर लाळ. माणसाला दिवसाकाठी किती लाळ सुटते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गळ्याशी फडकं बांधायचं, भिजलं की बदलायचं, रात्री उशाशी दोन-चार ठेवून निजायचं.

दुकान मी पुन्हा उघडलं होतं. पण मशीनवर वाकलो की फडकं सरके. एकदा एका मुलीच्या लग्नातल्या पोलक्याच्या खणावर लाळेचा ओघळ पडला. तिची आई समोरच उभी होती.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली, "धुतलो काय जातलो तो डाग."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर बायकांचे कपडे माझ्याकडे यायचे हळूहळू कमी झाले. कुणी तोंडावर काही बोललं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तपासणीसाठी मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नवीनच गोष्ट काढली. मोठ्या आतड्याचा एक तुकडा घ्यायचा, छातीच्या कातडीखालून वर न्यायचा, खालचं टोक पोटाला आणि वरचं मानेत जोडायचं. म्हणजे तोंडाने जेवता येईल.

"जोड टिकेल?" मी विचारलं.

"टिकायला हवा. पण ही शस्त्रक्रिया आम्ही फार थोड्यांवर केलीय. काही जण जेवतायत. काही राहिले नाहीत."

"तुम्ही काय सांगाल?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेले दिसत होते. "कॅन्सर काढणं भाग होतं. हे भाग नाही. म्हणून हे तुम्हीच ठरवायचं. पावसाळा जाऊ द्या. तुमच्याच बाजूचा एक आहे, आरोंद्याचा. हवं तर त्याला भेटा."

पावसाळ्यात मुंबईच्या आगबोटी बंद, त्यामुळे घाई नव्हती, आणि तेच वाईट झालं. पहिल्या खेपेला कुणी मला विचारलंच नव्हतं. आता रोज उठून तोच विचार. मुंबईचा भाऊ म्हणे कर. शेजारी म्हणत, देवाने एकदा सोडलंय, पुन्हा कशाला त्याच्या वाटेला जातोस. मी सगळ्यांना बरोबर म्हणायचो. मला फक्त कुणीतरी हा विषय माझ्याकडून काढून घ्यायला हवा होता.

बायको मात्र एक अक्षर बोलत नव्हती. एका दुपारी चूळ भरायला पाणी हवं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती चुलीकडे तोंड करून उभ्याउभ्याच जेवत होती. मला बघितल्याबरोबर ताट पदराआड घेतलं. नुसता भात आणि मीठ. तेव्हा मला उमगलं, मी परत आल्यापासून घरात बांगडा तळल्याचा वास आला नव्हता.

"मासे कित्या हाडणस नाय गो?" मी विचारलं.

"तुमका वास येतलो म्हणान."

"मगे मी काय करू? जाव मुंबयक?"

तिने ताट खाली ठेवलं. "माझ्यासाठी जाव नकात. मी जावा म्हटलंय आणि काय वायट झाला, तर ता जन्मभर माझ्या डोक्यार ऱ्हवतला. नको म्हटलंय, तरी तसाच. माका इचारू नकात."

ती रडली नाही. उष्टं ताट उचलून मागच्या दारी गेली.

पाऊस ओसरल्यावर मी एसटीने आरोंद्याला गेलो. डॉक्टरांनी सांगितलेला माणूस खाडीकाठी राहायचा, माझ्याहून वयाने मोठा, काटक. त्याने कुडत्याची बटणं सोडून छाती दाखवली. कातडीखाली मानेपासून पोटापर्यंत एक जाड वळ गेला होता. मग त्याच्या सुनेने पेज आणि माशाचा तुकडा आणून ठेवला, आणि तो माझ्यासमोर जेवला. एक घास चावायचा, गिळायचा, थांबायचा. घास त्या वळात फुगून दिसे, आणि तो तळहाताने त्याला हळूच खाली सारी. त्याची पेज संपेस्तोवर घरातली सगळी जेवून उठली होती.

"बरा लागता?" मी विचारलं.

"चव लागता. पण जेवान म्हणजे कामच जाला. आडवो पडलो तर सगळा परत घशात येता." त्याने माझ्या गळ्याच्या फडक्याकडे पाहिलं. "खावचा सोड तू. थुकी गिळूक येता. चार माणसांत बसाक गावता. माका तेवढा पुरा."

परतीच्या एसटीत फडकं दोनदा बदललं. शेजारचा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. घरी पोचलो आणि बायकोला सांगितलं की मी जातोय. ती "बरा" म्हणाली आणि भावाकडे न्यायला पोहे भाजायला बसली.

शस्त्रक्रिया झाली. मानेतला जोड फुटला. त्यातून पू आणि लाळ वाहायची, ताप यायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. कशाला आलो, हे विचारायचंही त्राण नव्हतं. डॉक्टर रोज यायचे, भोकाकडे बघायचे, "भरतंय" म्हणायचे. पुष्कळ आठवड्यांनी ते खरंच भरलं. पहिल्यांदा त्यांनी मला साखरेचं पाणी पाजलं. ते छातीतून उतरताना गार लागलं. मी मानेला हात लावला. मान कोरडी होती.

पुढे सवय झाली. मऊ भात, मऊ मासा, बसूनच झोपणं. वजन काही भरलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं, पण पूर्वीइतकं नाही, आणि मलाही पूर्वीइतकं काम झेपत नव्हतं.

पोटातली नळी काढून मी घरी आलो, तेव्हापासून बायको दुपारची झोपायला लागली. पूर्वी पेज गाळण्यात आणि नळी धुण्यात तिची दुपार जायची, कधी पाठ टेकायची नाही. आता जेवण आटपलं की पडवीत चटई टाकून पडायची ती चहाच्या वेळेपर्यंत, हाक मारली तरी उठायची नाही. मी हाक मारणं सोडून दिलं. चहा मीच करायला शिकलो.