शटरच्या आतला कोबा

मुलाच्या डोकेदुखीचा विचार तिच्या मनातून काही केल्या जाईना. डोकं कुणाचं दुखत नाही? पण या मुलाने कधी दुखण्याचं नाव काढलेलं तिला आठवत नव्हतं. शाळेत हात मोडला तेव्हा पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत तो बाहीत लपवून हिंडला होता. तोच मागच्या आठवड्यात आपणहून म्हणाला, "आई, हल्ली सुट्टीच्या दिवशी डोकं भयंकर ठणकतं. मळमळतं पण. कामावर गेलं की आपोआप थांबतं."

आणि लगेच दटावलं, "हिला सांगू नकोस हं. घर डोक्यावर घेईल. तू सांगितलंस, तर पुन्हा तुला काही बोलायचो नाही."

तिने कबूल केलं होतं.

मुलाचा धंदा फरशीला पॉलिश करण्याचा. लोकांच्या घरातल्या जमिनी आरशासारख्या करायच्या आणि रात्री येऊन भाड्याच्या खोलीतल्या उखणलेल्या फरशीवर पाठ टेकायची, अशी त्याची उमेदीची वर्षं गेली. यंदा कुठे स्वतःचं घर झालं. घर बेताचंच, पण त्याला गॅरेज होतं. त्या गॅरेजचा कोबा त्याने असा घासला, असा चकचकीत केला, की वाकून बघावं तर आपलं तोंड दिसावं. मग थाटात मोटरसायकल आत घेतली, स्टँड टेकवला, आणि पहिल्याच दिवशी कोब्यावर पांढरा ओरखडा उमटला.

तेव्हापासून माणूस झपाटला. स्टँडखाली पुठ्ठा ठेवून बघितला, तो तेल पिऊन लिबलिबीत झाला. फळी ठेवली, ती सरकली. आता जुन्या टायरचे तुकडे कापून एकेक लावून बघणं चाललं होतं.

ती राहायला गेली होती तेव्हा त्याने हौसेने सगळं दाखवलं. शटरच्या खालच्या कडेला रबराची पट्टी. खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवलेल्या.

"वाळूचा एक कण पुरे, आई. रबराखाली अडकला की करवतीचं काम करतो."

"गुदमरतं रे इथे."

"तुला देवळातसुद्धा गुदमरतं," तो हसला. तीही हसली. पण बाहेर अंगणात आल्यावर तिने दोनदा खोल श्वास घेतला होता.

आज सुट्टीचा दिवस. सकाळी सुनेचा फोन आला, तेव्हा ती वाळलेले कपडे घडी करत होती.

"जेवलात का, आई?"

"एवढ्यात कुठे? तुमचं काय चाललंय?"

"माझा स्वयंपाक, आणि तुमचे चिरंजीव सवतीकडे."

"म्हणजे गॅरेजमध्ये?"

"नाहीतर कुठे! नवीन तुकडा लावलाय. गाडी थरथरली तरी तो जागचा हलत नाही ना, ते बघायचंय म्हणे. इंजिन चालू करून बसलेत केव्हाचे. मी चहाला दोन हाका मारल्या, पण ओ द्यायची शुद्ध आहे कुठे! त्या घरघरीत ऐकू तरी काय जाणार?"

"लागली असेल तंद्री," ती म्हणाली. दोघी हसल्या. भाजी लागेल म्हणून सुनेने फोन ठेवला.

तिने मुलाचाच जुना सदरा उचलला. एक बाही दुमडली. दुसरी तशीच हातात राहिली.

इंजिन चालू. आणि शटर? शटर उघडं ठेवून तो धूळ आत येऊ देईल? शक्यच नाही. मग धूर जाणार कुठून? खिडकीच्या फटीसुद्धा त्याने ठेवलेल्या नाहीत.

सुट्टीच्या दिवशी डोकं ठणकतं. मळमळतं. कामावर गेलं की थांबतं.

इंजिनाचं सुनेला ठाऊक होतं, डोक्याचं नव्हतं. दोन्ही ठाऊक असलेलं माणूस सबंध जगात एकच होतं, आणि ते इथे बसून कपड्यांच्या घड्या घालत होतं.

तिने मुलाला फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली.

पुन्हा लावावा? ऐकू जात नसेल. नुसतं ऐकूच जात नसेल ना? सुनेला सांगावं तर तो म्हणेल, एवढंसं पोटात ठेवता आलं नाही तुला. मग मात्र तो खरंच काही बोलणार नाही. त्याचा स्वभाव तिच्याइतका कुणाला ठाऊक!

नाही बोलला तर नाही. जन्मभर अबोला धरू दे. पण धरायला असू दे.

सदरा मांडीवरून खाली घसरला. तिने सुनेचा नंबर काढला. आधी शटर वर कर, बाकीचं मग सांगते, एवढंच म्हणायचं, असं ठरवून तिने बटण दाबलं.