आप्पांच्या कार्ट्रिजची सुई

आप्पांच्या रेकॉर्ड प्लेअरवरचं कार्ट्रिज मी शाळेत असल्यापासूनचं. नखाएवढी काळी डबी. तिच्यात पुढून सुई सरकवायची. पिंपरीत कारखान्याच्या टूलरूमला असताना माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ते घेतलं तेव्हा सुईचं टोक गोल होतं. पुढे त्याच डबीसाठी लंबगोल टोकाची सुई निघाली, मग त्याहून बारीक. "गोल टोक खाचेत वरवर फिरतं, हे कोपऱ्यात शिरतं बघ," म्हणत आप्पांनी प्रत्येक घेतली. जुनीच रेकॉर्ड दर वेळी थोडी जास्त ऐकू यायची. आधी मागचा तंबोरा, मग गाणारीचा श्वास. "घर तेच, भाडेकरू नवा," ते म्हणायचे.

गेल्या खंडेनवमीला आईने हत्यारं पुजली. आप्पांचा मापं घ्यायचा व्हर्नियर, माझी गाडी, मिक्सर आणि प्लेअर. तिला हल्ली नीट दिसत नाही. ओलं कुंकू थेट सुईवर लागलं. मी चाकणला क्वालिटीत आहे, सुटे भाग तपासतो. जॉबवरची धूळ अंगठ्याने पुसायची सवय, तसंच पुसलं. सुईची केसासारखी दांडी किंचित वाकली. मला दिसलं.

"सुई ठीक आहे ना रे?" आप्पांनी विचारलं.

"ओके आहे."

टूलरूमवाल्याला क्वालिटीवाल्याचं ओके पुरतं. एरवी भिंग लावून बघणाऱ्या आप्पांनी सुईकडे पुन्हा पाहिलं नाही. गाण्यातला 'स' फाटतोय, डावीकडचं येत नाही, म्हणत खुर्ची स्पीकरजवळ ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "कान गेले राव माझे."

"मला तर केव्हाच कळलं होतं," आई म्हणाली.

मी ऐकत राहिलो. माझ्या हाताचं चारचौघांत कौतुक करणारा माणूस, त्याला सांगायचं कसं? मग त्यांनी तळेगावच्या मित्राला रेकॉर्डी देऊन टाकायचं ठरवलं. खोकं बांधायला मलाच बोलावलं. सुतळी हातात होती, गाठ काही मारवेना. सगळं सांगून टाकलं.

आप्पांनी मान वर केली.

"म्हणजे कान शाबूत आहेत?"

"हो."

"गाढवा!" डोळे पुसत त्यांनी आईला हाक मारली. "अगं, यंदा आधी याचा अंगठा पूज. मोठं हत्यार आहे."

त्या डबीत बसणारी सुई अजून मिळते, आता आणखी बारीक टोकाची. मागवली. भिंग आप्पांनी धरलं, सुई मात्र माझ्याच हातात दिली. टक्. बसली.

डावीकडून तंबोरा आला. आप्पा उठले आणि खुर्ची उचलून मागे खिडकीपाशी, तिच्या जुन्या जागी ठेवून आले.