मिठागरातलं पांढरं

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. प्रदर्शनातून माझी शाईची चित्रं तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा हा नाद सोडून कुठेतरी कारकुनी धरायची असं मी ठरवलं. उरलेली शाई संपवावी म्हणून नौपाड्याहून सायकलनं कोलशेतच्या मिठागरावर गेलो.

तिथे पन्नाशीची एक बाई लाकडी फावड्यानं मीठ ओढत होती. तिचे पाय मिठानं भेगाळले होते, पण अरुंद बांधावरून ती अशी चालायची, की कडेचं ढेकूळही हलत नसे. थोड्या वेळानं ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी रेघांवर रेघा मारून कागद काळा करून टाकला होता. एक डोळा मिटून तिनं तो न्याहाळला.

"सगले बांधच घातलेस रं," ती म्हणाली. "मीठ कुठं पिकवशील?"

मी नवा कागद घेतला. कुंचल्याचे चार फटकारे मारले आणि हात आवरला. त्यात ना खाडी दिसत होती, ना मिठाची रास. तरी मधल्या कोऱ्या जागेकडे बोट करून ती हसली, "यो माजा आगर!"

चित्र मी तिलाच दिलं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि पांढऱ्यावर बोट उमटू नये म्हणून कागद फक्त कडांनी धरला. माझं चित्र इतकं जपून तोवर कुणी हातात घेतलं नव्हतं.

आज माझी चित्रं लोकांच्या भिंतींवर आहेत. त्यांतलं काळं माझं आहे. पांढरं मला त्या बाईनं दिलं.